गोळ्या बंद केल्याची साक्ष

फोटोतला पलंग नाहीसा झाला, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

तो फोटो माकणी गावच्या एका बाईच्या ब्लॉगवरचा. तिची सहा-सात वर्षांची लेक भिंतीला टेकून सतरंजीवर बसलेली, मांडीवर पाटी, चेहऱ्यावर हसू. खाली ओळ होती, 'प्रभूच्या कृपेने लेक ठणठणीत.' त्या खोलीचे फोटो मी आधी पुष्कळ पाहिले होते. त्या भिंतीला लोखंडी पलंग असायचा, त्यावर वाकळांची चळत. आता पलंगाच्या दांडीनं रंग घासला गेल्याची खूण तेवढी उरली होती आणि गादी जमिनीवर आली होती. घरातला पलंग असा का हलवतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या धाकट्या भावाला लहानपणी फेपरं यायचं. फिट म्हणतात ते. तो दोनदा पलंगावरून पडला तेव्हा आमच्या आईनं पलंगच शेजारी देऊन टाकला होता.

पण ह्या मुलीचं फेपरं तर गेलं होतं. तशी साक्ष तिच्या आईनं दिली होती, आणि आम्ही सगळ्या बायकांनी ती वाचून खाली आमेन लिहिलं होतं.

आधी माझं सांगते. मी धाराशिवला राहते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायची, वडील तिथंच राखणीला होते. मी बी.ए. पहिल्या वर्गात पास झाले, आणि हे कुणी न विचारताही सांगते. स्वतः मिळवलेलं आहे, त्यात लाजायचं काय? मुलं झाल्यावर घरी शिकवण्या घ्यायला लागले आणि दुपारच्या वेळात मोबाईलवर ब्लॉग लिहायला लागले. लेकराला दात येताना काय केलं, नाताळच्या करंज्या तेलात का उकलतात, रविवारी उपासना चालू असताना पोरगं हरवलं आणि शेवटच्या बाकाखाली झोपलेलं कसं सापडलं, असलं सगळं. लिहिताना मला कधी कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही, ह्याचाही मला अभिमान होता.

त्यातूनच माझ्यासारख्या ख्रिस्ती आयांचा एक ग्रुप सापडला. आमच्या भागात आमची घरं म्हणजे एखाद्या गावात चार, एखाद्या गावात एकच. एकट्या घरातल्या बाईला दारात नाताळची चांदणी लावायची तरी आधी शेजारच्यांच्या तोंडाकडं बघावं लागतं. अशा बाईला मोबाईलात शंभर बहिणी मिळाल्या तर काय वाटेल? मला वाटलं ते सांगते. उन्हातून घरी येऊन माठातलं पाणी प्यावं, तसं वाटलं. रीत सोपी होती. ज्या बहिणीनं नवीन काही लिहिलं असेल तिनं ते ग्रुपवर टाकायचं, बाकीच्यांनी वाचायचं, खाली आमेन लिहायचं, जमलं तर एखादी ओळ. ग्रुप चालवणाऱ्या ताई मोठ्या शहरातल्या. गोड बोलणाऱ्या, आवाज असा की फोनवर आमच्या रीतीनं 'सलाम बहिणी' म्हणाल्या तरी डोळ्यांत पाणी यावं. वाईट बाई नव्हती ती, हे आत्ताच सांगून ठेवते.

हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. करंज्यांवर लिहिलं की चार-दोन आमेन. लेकरू आजारी पडलं असं लिहिलं की पन्नास. आणि लेकरू प्रार्थनेनं बरं झालं असं लिहिलं, की आमेन मोजता येत नसत. कुठल्या कुठल्या गावच्या, कधी न पाहिलेल्या बायका धावून येत. म्हणून बायका आजारपणं लिहायला लागल्या. खोटी नव्हे, खरीच. पण आधी जी सर्दी म्हणून सोडून दिली असती ती आता लिहिली जायला लागली.

माकणीची ती बाई आधी असलं काही लिहीत नसे. हुलग्याची शेंगोळी हातावर वळताना सासू कशी नावं ठेवते, धरणावरून वारा सुटला की वाळत घातलेले कपडे कुणाच्या दारात जाऊन पडतात आणि ते परत आणताना काय काय ऐकावं लागतं, असं लिहायची. बारावीपर्यंत शिकलेली, पण माझ्यापेक्षा चांगलं लिहायची, आणि हे मी सहजासहजी कुणाबद्दल म्हणत नाही. तिच्या लेकीला फेपरं यायचं. गोळ्या चालू झाल्यावर ते थांबलं. बरेच महिने आलं नाही, तेव्हा तिनं एक साधी साक्ष लिहिली, की देवानं लेकीला सांभाळलं, त्याची स्तुती असो.

साक्ष म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सभेत उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, ती साक्ष. आमच्यात ती कुणी हलक्यानं देत नाही. दिलेली परत घेता येत नाही. घेतली तर माणूस खोटा पडतो आणि देवालाही आपण खोटं पाडलं असं होतं. पण चर्चमध्ये साक्ष दिली तर ती पंचवीस-तीस माणसं ऐकतात, आणि त्या माणसांना आपलं घर ठाऊक असतं. एखादी म्हातारी दुसऱ्या दिवशी दारात येते, लेकराच्या गळ्याला हात लावून म्हणते, 'अंग कोमट हाय गं अजून.' मोबाईलातल्या साक्षीमागं घर बघायला कुणी येत नाही. ती नुसती पुढं पुढं जाते.

ग्रुपवर त्या साक्षीखाली कुणीतरी विचारलं, 'बहिणी, मग गोळ्या अजून चालू का?' दुसरीनं लिहिलं, 'देवानं बरं केलं म्हणता आणि गोळीही देता, मग विश्वास नक्की कुणावर?' त्याखाली लाल बदामांच्या चिन्हांची रांग लागली. मी तिथंच लिहिलं की फिटच्या गोळ्या अशा एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. माझी ओळ थोड्या वेळानं दिसेना. ग्रुपच्या ताईंचा फोन आला.

"बहिणी, तुमचं मन चांगलंय हो. पण नव्या बहिणी वाचतात. संशयाचं बोलणं नको तिथं."

"ताई, हा संशय नाही. माझ्या भावाला होतं हे."

"तुम्ही शिकलेल्या आहात ना, म्हणून तुम्हाला जड जातं," त्या म्हणाल्या. मायेनंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माकणीच्या बाईनं लिहिलं, 'आजपासून गोळ्या बंद. ज्यानं बरं केलं तोच राखील.' तिच्या ब्लॉगवर एवढी माणसं त्याआधी कधी आली नव्हती. मी तिला वेगळा निरोप पाठवला, फोन केला. उत्तरात नुसतं जोडलेल्या हातांचं चिन्ह आलं.

तिथून पुढं दर रविवारी मुलीचा फोटो यायला लागला. ताईंनीच मागितला होता, बहिणींच्या उत्तेजनासाठी. पलंग दिसेनासा झाल्यापासून मी ते फोटो वेगळ्या नजरेनं बघायला लागले. एका फोटोत मुलीच्या हनुवटीला पट्टी. पुढच्या रविवारी केस कपाळावर ओढून विंचरलेले. आधी त्या पोरीची वेणी चापून घातलेली असे. अंगणातल्या हौदावर फळी आणि फळीवर दगड. मुलगी हसत होती पण ओठ मिटून, आणि खालचा ओठ एका बाजूनं जाड. झोपेतून उठल्यावर माझ्या भावाची जीभ चावलेली असायची, तेव्हा तो असाच ओठ मिटून बसायचा. आणि प्रत्येक फोटोत कडेनं आलेला एक हात, मुलीचा दंड धरून. खाली मात्र आमेन, आमेन, आमेन.

बदाम पाठवणाऱ्या एवढ्या बायकांना हे दिसत नसेल का? मला वाटतं त्या फोटो बघतच नव्हत्या. त्या खालची ओळ वाचत होत्या.

मी शिकवणीला सुट्टी दिली, लोहाऱ्यापर्यंत बसनं गेले आणि तिथून जीपनं माकणी. तिचं घर विचारायला लागलं नाही. चर्चवाल्यांचं घर म्हटल्यावर पिठाच्या गिरणीवाल्यानंच बोट दाखवलं.

ती अंगणात धुणं पिळत होती. मला बघून हातातला पिळा तसाच राहिला.

"ताई, तुमी? फोन न्हाय, काय न्हाय."

"फोन उचलतेस कुठं तू?"

आतून सासू आली. वाकलेली, पण आवाज खणखणीत. "कोण गं?"

"धाराशिवच्या ताई, आत्या. मोबाईलातल्या."

"आगं बया! मोबाईलातल्या बाया खऱ्या असत्यात व्हय?" म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मला वाटलं नुसतं आमेनच असतंय त्यात. ये पोरी, बस. च्या टाक गं."

मुलगी आत होती. शाळेचा दिवस होता आणि ती घरी होती. चूल जिथं होती तिथं आडवी फळी लावून वाट बंद केलेली. मी विचारायच्या आधीच म्हातारी म्हणाली, "चुलीम्होरं जाऊ देत न्हाय आमी तिला. हौदाकडं बी न्हाय."

"आत्या," सून म्हणाली.

"काय आत्या आत्या! ही काय फोटू काढाया आली न्हाय, तोंडावरनं कळतंय. म्या हिला म्हणलं, दवाखान्यातली गोळी बी देवानंच दिलीय की गं. तर म्हणती, लिहून बसलेय आत्या. लिहून बसली म्हणं! मोडून टाक म्हणलं. तर म्हणती मोडता येत न्हाय."

चहा आला. मुलगी माझ्याशेजारी बसून बशीत बिस्कीट बुडवत होती. माझ्या पर्समधला पेन काढून तिनं तळहातावर मासा काढला, मला दाखवला. मग बिस्कीट बशीत गळून पडलं आणि ती ते उचलायला वाकली नाही. डोळे एका जागी थांबले. मी हात पुढं करेपर्यंत तिच्या आईनं तिच्या मानेखाली हात घातला होता, तिला कुशीवर वळवलं होतं, पायानंच कपबशी लांब सरकवली होती. भाकरी थापणाऱ्या हातांना असते तशी सवय त्या हातांना झालेली होती. पोरीचं अंग ताठलं, मग झटके यायला लागले. म्हातारी कांदा फोडून धावत आली. मी म्हटलं, "मावशी, नाकाला काही नको. होऊ द्या." तोंडात बोट घालू पाहत होती, तेही थांबवलं. आम्ही तिघी पोरीभोवती नुसत्या बसून राहिलो. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. हळूहळू झटके थांबले.

पोर निपचित झोपली. तेवढ्यात कोनाड्यातला मोबाईल वाजला. पोरीच्या तोंडाची लाळ पदराला पुसून तिच्या आईनं मोबाईल घेतला. मला ग्रुपच्या ताईंचा निरोप दिसला: आपल्या चमत्काराच्या लेकीचा ह्या रविवारचा फोटो हवाय, नव्या बहिणी वाट बघतायत. तिनं लिहिलं, 'आमेन ताई, पाठवते.'



"गोळ्या कुठं आहेत?" मी विचारलं.

"हायत की. फेकल्या न्हायत म्या." तिनं बिस्किटाच्या डब्यातून पाकीट काढलं. "लई जोरात आलं तर मागनं अर्धी देते."

"आलं की मग? आणि आधी?"

"आधी दिली तर इस्वास न्हाय असं हुतंय, ताई. येऊन गेल्यावर दिली तर..."

"तर देवाला कळत नाही?"

ती रडली नाही. चिडली. "तुमाला काय जातंय बोलाया? तुमी धाराशिवला ऱ्हाता, तुमच्या चर्चात माणसं भरल्यात. हितं आमचं एक घर. ह्या साक्षीमुळं लोक मला वळखाया लागलेत. कुठल्या कुठल्या बाया म्हणत्यात, तुमच्यामुळं आमी इस्वासात टिकलो. म्या आता न्हाय म्हणलं आन त्या तुटल्या, तर त्ये पाप कुणाला?"

मी एवढंच म्हटलं, "आमचे पाळक रक्तदाबाची गोळी घेऊन मग उपदेशाला उभे राहतात. त्यांची साक्ष खोटी असते का?"

"त्यांनी कुठं लिहून टाकलंय गोळी बंद केली म्हणून?" ती म्हणाली.

म्हातारीनं मध्येच सुनेच्या पाठीवर थाप मारली. "उद्याच्या गाडीनं पोरीला घिऊन दवाखान्यात जा. म्या हाय घरी. आन त्ये डबडं हितंच ठिव." डबडं म्हणजे मोबाईल.

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन धाराशिवच्या दवाखान्यात आली. मोबाईल घरी ठेवून खरंच आली. डॉक्टर तिला लई बोलले. झटका थांबलाच नसता तर काय केलं असतं, असं विचारलं. गोळ्या पुन्हा चालू झाल्या. बस स्टँडवर पोरीला कडेवर घेऊन ती मला म्हणाली, "ताई, गोळ्या देईन. शब्द देते. पण लिहिणार काय न्हाय. तुमी बी लिहायचं न्हाय." मी हो म्हटलं. लेकरू ताळ्यावर येत होतं, बाकीचं नंतर बघता आलं असतं.

गोळ्यांचा गुण येत गेला. झटके लांबत लांबत गेले. ब्लॉगवर मात्र रविवारचे फोटो चालू होते, 'ठणठणीत' चालू होतं, आणि आता तर ते खरंही दिसत होतं. मुलीचे गाल भरले होते. ताईंनी ती जुनी साक्ष पुन्हा वर काढून सगळीकडं पाठवली. आणि मग एका दुपारी त्या साक्षीखाली एका अनोळखी बाईनं लिहिलं, 'ताई, तुमची साक्ष वाचून धीर आला. माझ्या लेकाच्याही गोळ्या आजपासून बंद केल्या. प्रार्थनेत आठवण ठेवा.'

त्याखाली आमेनची रांग लागायला सुरुवात झाली होती.

मी माकणीला फोन लावला आणि ते वाचून दाखवलं.

"केवढं लेकरू हाय तिचं?" तिनं विचारलं.

"लिहिलं नाही."

"गाव?"

"तेही नाही. नावाच्या जागी नुसतं 'येशूची लेक' आहे, आणि फोटोत जास्वंदीचं फूल."

"म्या बंद करा म्हणलं न्हवतं, ताई," ती म्हणाली. "म्या माझं लिहिलं हुतं."

तिनं फोन ठेवला. तासाभरात तिच्या ब्लॉगवर नवं लिखाण आलं. शेंगोळीवर लिहायची तितकं साधं. माझ्या लेकीचं फेपरं गेलेलं नव्हतं. गोळ्या बंद केल्यावर ते परत आलं आणि वाढलं. तरी लेक बरी आहे असं मी लिहीत राहिले. आता गोळ्या चालू आहेत म्हणून ती बरी आहे. येशूची लेक ताई, तुमच्या लेकाच्या गोळ्या बंद करू नका, आजच डॉक्टरकडं जा आणि मला फोन करा. खाली तिनं आपला नंबर दिला होता.

पहिलं आमेन लगेच आलं. कुणीतरी न वाचताच सवयीनं टाकलेलं. मग वाचणाऱ्या आल्या. एकीनं लिहिलं, मिळालेलं बरेपण सैतानानं चोरलं. एकीनं लिहिलं, घरात काही लपवलेलं पाप असेल, शोधा. एक म्हणाली, तुम्ही आम्हाला रडवलंत, आमच्या प्रार्थना वाया घालवल्यात. संध्याकाळी ताईंनी तिला ग्रुपमधून काढलं. मला निरोप आला की काही दिवस त्या बहिणीशी कुणी बोलू नये, तिला उपासाची गरज आहे. मी तो वाचला आणि ग्रुप सोडला. कुणी थांबा म्हणालं नाही.

जुनी साक्ष तिनं ब्लॉगवरून काढून टाकली. त्याचा उपयोग झाला नाही. कुणीतरी त्या साक्षीचा व्हिडिओ केलाय. मागं हळू संगीत, कुण्या परक्या बाईच्या आवाजात ती साक्ष, आणि त्या मुलीचे हसरे फोटो एकामागून एक. तो व्हिडिओ मला माझ्या मावशीनं पाठवला, 'बघ कसा विश्वास' म्हणून. नंतर एका विद्यार्थ्याच्या आईनं पाठवला. आता त्यावर कुणाचंच नाव नाही, त्यामुळं काढा म्हणून सांगायचं तरी कुणाला? जिथं सापडतो तिथं आम्ही दोघी त्याखाली लिहितो, की हे खरं नाही, ही त्या लेकराची आईच सांगतेय. ते कुणी पुसतं, किंवा नव्या आमेनखाली ते गाडलं जातं.

जास्वंदीच्या फुलाच्या बाईला मी निरोप पाठवला. माकणीहून त्या मुलीच्या आईनं पाठवले, कितीतरी. ते पोचतात, पण वाचल्याची खूण येत नाही. तिनं मोबाईल बदलला असेल, नवऱ्यानं काढून घेतला असेल, आमच्यासारख्या संशयी बायकांचे निरोप ती उघडत नसेल. आणखी काय काय झालं असेल, ते आम्ही एकमेकींशी बोलत नाही.

माकणीची मुलगी आता शाळेत जाते. शाळेच्या पिशवीत बाईंसाठी चिठ्ठी असते, फेपरं आलं तर काय करायचं ती. तिची आई काही लिहीत नाही आता. मला मात्र दुपारी फोन करते, धुणं उरकल्यावर.

"आलं का वो ताई काय, त्या बाईचं?"

"नाही."

"आज बघितलं का पण?"

"बघितलं."

"परत एकदा बघा की," ती म्हणते, आणि फोन तसाच धरून थांबते.